पडद्यावरचे कुरण आणि पिसदुऱ्याचे गवत

४ जुलै २०२५ रोजी भारतातील चित्रपटगृहांत आलेला ‘जुरासिक वर्ल्ड : रिबर्थ’ सुरुवातीलाच एक चमत्कारिक कबुली देतो. जगाला आता डायनासोरचा कंटाळा आला आहे, असे तो सांगतो. न्यूयॉर्कमध्ये मरणपंथाला लागलेला एक अजस्र प्राणी लोकांच्या लेखी वाहतुकीच्या कोंडीपलीकडे काही नसतो. हेन्री लूमिस हा पुराजीवशास्त्रज्ञ ज्या संग्रहालयात काम करतो, तेथील डायनासोरचे दालन प्रेक्षकांअभावी आवरले जात असते. मालिकेच्या सातव्या चित्रपटाने आपल्याच विषयाबद्दल असे म्हणावे, यात प्रामाणिकपणा आहे आणि थोडी धूर्तताही. कारण याच चित्रपटाने जगभर ८० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. कंटाळलेली माणसे तिकिटासाठी पैसे मोजत नाहीत.

दिल्लीच्या आर. के. पुरममध्येही हा कंटाळा शोधून सापडणार नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची सेक्टरवार निवासस्थाने, देशाच्या प्रत्येक प्रांतातून बदलीवर आलेली कुटुंबे आणि ठिकठिकाणी शाळा, असा हा परिसर आहे. अशा वसाहतीतील शाळकरी मुलांना ज्या प्राण्यांची नावे मोठ्यांना धड उच्चारता येत नाहीत, ती तोंडपाठ असतात. चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या अशा मुलाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : यातले खरे किती? प्रश्न रास्त आहे आणि त्याची उत्तरे दोन आहेत. एक उत्तर चित्रपटाविषयी आहे. दुसरे, खरे पाहायचे असेल तर या मुलाने जावे कोठे, याविषयी आहे. दुसरे उत्तर अधिक अस्वस्थ करणारे आहे.

आधी चित्रपटाचे माप घ्यावे. दिग्दर्शन गॅरेथ एडवर्ड्स यांचे आणि पटकथा डेव्हिड केप यांची. १९९३ च्या मूळ ‘जुरासिक पार्क’च्या पटकथेतही केप यांचा वाटा होता. शास्त्रीय सल्लागार म्हणून एडिनबरा विद्यापीठाचे पुराजीवशास्त्रज्ञ स्टीव्ह ब्रुसाटी यांनी काम पाहिले. त्यांच्यासारख्यांच्या सहवासाचा परिणाम काही ठिकाणी दिसतो. मोरोक्कोत सापडलेल्या स्पायनोसॉरसच्या वल्ह्यासारख्या शेपटीचे वर्णन २०२० मध्ये प्रसिद्ध झाले; या चित्रपटातील स्पायनोसॉरस पाण्यात शिकार करताना दिसतो तो त्या शोधानंतरचा आहे. तो प्राणी खरोखर किती सराईतपणे पोहत असे, याविषयी शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. तरी चालू असलेल्या वादाची दखल चित्रपटाने घ्यावी, हे चांगलेच.

उणिवांची यादी मात्र लांब आहे. मालिकेतील व्हेलोसिरॅप्टर पहिल्यापासून माणसाच्या उंचीचा आणि चकचकीत कातडीचा. वास्तवातील व्हेलोसिरॅप्टर टर्कीएवढा होता आणि त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा असल्याचे २००७ मध्ये दाखवले गेले. २०२२ च्या ‘डोमिनियन’मध्ये पिसांचा पायरोरॅप्टर आणून मालिकेने थोडी भरपाई केली होती, नव्या चित्रपटात तो उत्साह पुन्हा मावळलेला दिसतो. कथानकातील तीन महाकाय प्राण्यांपैकी समुद्रातला मोसासॉरस आणि आकाशातला केट्झलकोॲटलस हे मुळात डायनासोर नाहीत. पहिला सरडे आणि साप यांच्या गोतातला, तर दुसरा टेरोसॉर. तिसरा टायटनोसॉरस तेवढा अस्सल डायनासोर. पण त्याला चाबकासारखी लांबच लांब शेपटी दिली आहे. तशी शेपटी डिप्लोडोकसच्या घराण्याची ओळख आहे. टायटनोसॉरसच्या कुळातील प्राण्यांची शेपटी त्या मानाने आखूड असे. मालिकेच्या नावात ‘जुरासिक’ असले, तरी यांतील बहुतेक प्राणी त्यानंतरच्या क्रिटेशस कालखंडातले आहेत, ही विसंगती तर आता तीस वर्षांची जुनी झाली.

या सर्वांच्या तळाशी असलेली कल्पना, म्हणजे राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातील रक्तातून डायनासोरचा डीएनए मिळवणे, विज्ञानाने केव्हाच निकालात काढली आहे. न्यूझीलंडमधील मोआ या नामशेष पक्ष्याच्या हाडांवरील २०१२ च्या अभ्यासात डीएनएचे अर्धायुष्य सुमारे ५२१ वर्षे निघाले. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडमधला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. शेवटच्या डायनासोरला जाऊन ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत राळेत अडकलेले कीटक विपुल सापडले आहेत. पण ती राळ सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरची. त्या राळेतल्या डासाने कोणाचेही रक्त प्यायले असले तरी ते डायनासोरचे असणे शक्य नाही.

एवढे सांगून परीक्षण संपवता आले असते. समाजमाध्यमांवरची बहुतेक परीक्षणे येथेच संपली. परंतु पिसे, शेपट्या आणि लांबी-रुंदी ही मापे तपशिलाची आहेत. १९९३ च्या चित्रपटातही चुका कमी नव्हत्या. तरीही तो पाहून मुलांची एक पिढी विज्ञानाकडे वळली, असे त्या पिढीतले अनेक पुराजीवशास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा जुन्यात काय होते आणि नव्यात काय नाही, हे दुसरीकडे शोधावे लागते.

ते एका शेणाच्या ढिगात सापडते. मूळ चित्रपटात एक ट्रायसेराटॉप्स आजारी पडलेला असतो. त्याने एखादी विषारी वनस्पती खाल्ली असावी, असा एली सॅटलर या पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बाईंना संशय येतो. पुरावा पाहिजे म्हणून त्या प्राण्याच्या शेणाच्या माणसाएवढ्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतात. प्रेक्षक हसतात, नाक मुरडतात आणि नकळत विज्ञानाची रीत पाहतात. प्रश्न पडला, अंदाज बांधला, अंदाज तपासायला हात घाण केले. विष सापडले नाही, तर अंदाज बाजूला ठेवला. चित्रपटातील सर्वांत शास्त्रीय दृश्य तेच होते.

नव्या चित्रपटात तशी जागा नाही. एका औषध कंपनीला हृदयरोगावरील औषधासाठी तीन सर्वांत मोठ्या प्राण्यांचे रक्त हवे आहे. पुराजीवशास्त्रज्ञ बरोबर आहे, परंतु त्याचे काम प्राणी ओळखून दाखवण्याचे. बंदुकीतून सुई सुटते, रक्त कुपीत भरते, कुपी हवेत उडते आणि इवल्या छत्रीच्या आधाराने खाली येते. कोणाला काही प्रश्न पडत नाही, कोणाचा अंदाज चुकत नाही. शेवटी ते औषध एका कंपनीच्या तिजोरीत न जाता जगाला खुले व्हावे, असा निर्णय पात्रे घेतात. तो स्पृहणीय आहे. पण तो न्यायाचा विचार झाला, जिज्ञासेचा नव्हे. पहिल्या चित्रपटाने विज्ञान ही शोधण्याची रीत म्हणून दाखवले. सातव्यात ते काढून आणण्याचा माल झाले आहे. या मापाने पाहता चित्रपट तोकडा पडतो.

एक दृश्य मात्र यातून वगळले पाहिजे, आणि मराठी वाचकाला त्याचे विशेष अगत्य वाटावे. उंच गवताने भरलेल्या दरीतून चालताना मंडळींसमोर टायटनोसॉरसची जोडी येते. माना एकमेकींभोवती गुंफलेल्या, आजूबाजूला वाऱ्यावर डुलणारे गवत, आणि पार्श्वभूमीला जॉन विल्यम्स यांची तीस वर्षांपूर्वीची धून. लूमिस त्या प्राण्याच्या पायाला हात लावतो आणि त्याला गहिवरून येते. चित्रपटातील हा एकच क्षण असा आहे, जेव्हा कोणी पळत नाही.

हे गवत खरे की खोटे? वीस-बावीस वर्षांपूर्वी असा देखावा कोणी दाखवला असता, तर जाणकारांनी ती ढोबळ चूक ठरवली असती. गवताचे निर्विवाद जीवाश्म तेव्हा सुमारे साडेपाच कोटी वर्षांच्या मागे जात नव्हते. डायनासोर आणि गवत यांची कधी गाठच पडली नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत. हे मत बदलणारा पुरावा चंद्रपूर जिल्ह्याच्या वरोरा तालुक्यातील पिसदुरा या गावाजवळून आला. आणि तो पुरावा म्हणजे शेणच होते.

पिसदुऱ्याच्या परिसरात लॅमेटा नावाने ओळखले जाणारे खडक उघडे पडले आहेत. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लमेटा घाटावरून हे नाव आले. डायनासोरयुगाच्या अगदी अखेरीस नद्यांच्या आणि तळ्यांच्या काठी साचलेला हा गाळ आहे. पिसदुऱ्याच्या शेतांत आणि माळावर त्यातून दगड झालेली विष्ठा मोठ्या प्रमाणात मिळते. नागपुरातील ज्यांच्या नावाने हिस्लॉप महाविद्यालय ओळखले जाते, त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच या भागातील जीवाश्मांची नोंद केली होती. पुढे सुमारे दीड शतकाने लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील वंदना प्रसाद, तसेच अशोक साहनी, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग आणि हबीब अलीमोहम्मदियन यांनी त्या दगडी गोळ्यांचे पातळ तुकडे विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले.

वनस्पती जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतात आणि तिचे सूक्ष्म कण पेशींत साठवतात. पान कुजते, पचते. हे कण टिकतात. त्यांना फायटोलिथ म्हणतात, आणि त्यांचा आकार वनस्पतीच्या कुळानुसार वेगळा असतो. नाण्यावरच्या छापावरून टांकसाळ ओळखावी, तसे त्यावरून कूळ ओळखता येते. टायटनोसॉरसच्या कुळातील प्राण्यांची मानल्या गेलेल्या या विष्ठेत ताड, शंकुधारी वृक्ष आणि इतर वनस्पतींच्या कणांबरोबर गवताचे कण निघाले. तेही किमान पाच प्रकारांचे. २००५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि गवताचा इतिहास एका फटक्यात एक कोटीहून अधिक वर्षांनी मागे गेला. पुढे २०११ मध्ये, त्याच सामग्रीत भाताच्या कुळाशी नाते सांगणारे कणही असल्याचे मांडण्यात आले. विदर्भातल्या डायनासोरने भाताच्या दूरच्या पूर्वजाला तोंड लावले होते, ही कल्पना कोणत्याही पटकथेपेक्षा कमी चित्तवेधक नाही.

तेव्हा चित्रपटातील कुरण अर्धे खरे आहे. टायटनोसॉरसच्या पायाशी गवत होते, हे पिसदुऱ्याने सिद्ध केले. ते क्षितिजापर्यंत पसरलेले नव्हते, हेही त्याच पुराव्यातून दिसते. कारण विष्ठेतील गवताचा वाटा थोडा होता. विस्तीर्ण गवताळ मैदाने पृथ्वीवर त्यानंतर कितीतरी कोटी वर्षांनी आली. पण अर्धे खरे ठरले तेही सुईने नव्हे. सॅटलरबाईंप्रमाणे शेणात हात घालूनच.

टायटनोसॉरस हे नावदेखील याच भूमीतले आहे. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूरजवळच्या बडा सिमला टेकडीपाशी काही अवाढव्य हाडे मिळाली. ठगांच्या बंदोबस्तामुळे इतिहासात पोहोचलेले स्लीमन ते हेच. ‘डायनासोर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये घडवला. म्हणजे हाडे सापडली तेव्हा त्यांना काय म्हणावे हेच जगाला माहीत नव्हते. ती हाडे कोलकात्याला गेली. १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी मुख्यतः शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. त्यावरून जगभरच्या तत्सम प्राण्यांच्या सबंध गटाला नाव मिळाले. आज अर्जेंटिनातील सर्वांत मोठ्या डायनासोरचे वर्णन करतानाही जबलपूरच्या मणक्यांवरून पडलेले हे नाव उच्चारावे लागते.

या नावाची पुढची कथा शास्त्राच्या कठोरपणाची आहे आणि आपल्या बेफिकिरीचीही. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी दाखवून दिले की, ज्या वैशिष्ट्यांवर लिडेकर यांनी हे नाव आधारले, ती अनेक प्राण्यांत आढळतात. म्हणून टायटनोसॉरस हे प्रजातीचे नाव संशयास्पद ठरते. गटाचे नाव टिकले, मूळ धन्याचे गेले. त्याच अभ्यासात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावच्या टेकडीवर सापडलेल्या सांगाड्याला ‘आयसिसॉरस’ हे स्वतंत्र नाव मिळाले. उत्खनन करणाऱ्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते घडवले आहे. भारतात मिळालेल्या या गटातील सांगाड्यांपैकी तो फार चांगल्या अवस्थेतला आहे. दरम्यान, लिडेकर यांच्यासमोरचे मूळ मणके कोठे आहेत हेच कोणाला सांगता येत नव्हते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात धनंजय मोहबे आणि सुभाशिष सेन यांना २०१२ मध्ये त्यांतला एक पुन्हा सापडला. भारताचा पहिला डायनासोर दोनदा शोधावा लागला. एकदा मातीतून आणि एकदा कपाटातून.

याच मोहबे यांच्या नावावर आणखी एक शोध आहे, आणि कोणत्याही दिग्दर्शकाला त्याचा हेवा वाटावा. गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकात गुजरातमधील ढोली डुंगरी येथे त्यांना डायनासोरच्या अंड्यांपाशी हाडांचा एक पुंजका मिळाला. ती अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लाची हाडे असावीत, असे त्यांनी १९८७ मध्ये लिहिले. २००१ मध्ये विल्सन यांनी तो दगड पाहिला, तेव्हा त्यांतले काही मणके सापाचे असल्याचे त्यांच्या लक्षात आले. दगड पुन्हा साफ केला गेला. २०१० मध्ये दोघांनी सहकाऱ्यांसह जे चित्र जगापुढे मांडले ते असे : टायटनोसॉरस गटातील मादीचे घरटे, एक फुटलेले अंडे, त्याशेजारी अर्ध्या मीटरचे पिल्लू आणि अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप. बहुधा वादळात ढासळलेल्या वाळूने सर्वांना एकदम गाडले. सापाचे नाव ‘सनाजे इंडिकस’. मोहबे यांनी आपल्या पहिल्या निष्कर्षाला चिकटून न राहता दुसऱ्या जोडीच्या डोळ्यांना तो दगड दाखवला, म्हणून हा प्रसंग उजेडात आला. सहा पायांच्या ‘डिस्टॉर्टस रेक्स’ला पडद्यावर जेवढा वेळ मिळाला, त्याच्या दशांश वेळात हा प्रसंग दाखवून प्रेक्षकांचा श्वास रोखता आला असता.

आता आर. के. पुरमच्या त्या मुलाकडे परत यावे. हे सारे ऐकून त्याला एखादे खरे हाड पाहावेसे वाटले, तर काय? पायाखाली खणून उपयोग नाही. दिल्लीच्या अरावली रांगेचा क्वार्टझाइट खडक १०० कोटी वर्षांहून कितीतरी जुना आहे. तो घडला तेव्हा पृथ्वीवर प्राणीच नव्हते. यमुनेने आणलेला गाळ त्या मानाने कालचा. खडक फार म्हातारा आणि माती फार तरुण. डायनासोरच्या काळाचे पान दिल्लीच्या भूमीच्या पोथीतून गहाळ आहे. मग त्याने मेट्रो पकडावी.

आर. के. पुरम स्थानकापासून मॅजेंटा मार्गावर पुढचेच स्थानक आयआयटीचे. त्याच बाजूला श्री अरविंद मार्गावर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे आवार आहे. देशभरातील केंद्रीय मंडळाच्या शाळांची पाठ्यपुस्तके येथे तयार होतात. परिषदेच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पूर्वी आनुवंशिकता आणि उत्क्रांती असे प्रकरण होते. त्यात जीवाश्मांच्या चित्रांमध्ये नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेल्या ‘राजासॉरस’ची कवटी होती. पिसे आधी आली आणि उड्डाण नंतर, हे डायनासोरच्या उदाहरणाने सांगितले होते. महासाथीनंतर अभ्यासाचा भार हलका करण्याच्या कारणाने उत्क्रांतीचा भाग वगळण्यात आला आणि २०२३ च्या नव्या आवृत्तीतून तो नाहीसा झाला. १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी निषेधाचे पत्र लिहिले. उत्क्रांती बारावीत शिकवली जाते, असे उत्तर मिळाले. ते खरे आहे. परंतु जो विद्यार्थी अकरावीत जीवशास्त्र घेत नाही, त्याची शाळेत राजासॉरसशी भेट होण्याची ती शेवटची संधी होती.

पुढे हौज खास आणि केंद्रीय सचिवालय येथे गाडी बदलून मंडी हाउस गाठावे. तेथील फिक्कीच्या इमारतीत १९७८ पासून राष्ट्रीय निसर्गविज्ञान संग्रहालय होते. शाळांच्या सहली तेथे येत. पेंढा भरलेले प्राणी, फुलपाखरे आणि एका सॉरोपॉड डायनासोरचे जीवाश्म हाड मुले डोळे भरून पाहत. २६ एप्रिल २०१६ च्या पहाटे आग लागली आणि अनेक दशके जमवलेला संग्रह जळाला. चित्रपटातील संग्रहालय प्रेक्षक नसल्यामुळे बंद होते. दिल्लीतील संग्रहालयाला प्रेक्षकांची वाण नव्हती. प्रगती मैदानाजवळच्या राष्ट्रीय विज्ञान केंद्रात प्रागैतिहासिक प्राण्यांच्या हलत्या प्रतिकृती आहेत आणि लहान मुले त्यांच्यावर खूश असतात. प्रतिकृतीचे मोल कमी लेखू नये. पण प्रतिकृती चित्रपटाचीच सख्खी बहीण. खऱ्या हाडाचा खरखरीतपणा, त्याला चिकटलेली माती, तुटलेला कोपरा, यांतून कळते की हा प्राणी कोणी कल्पिलेला नाही.

जे मातीत आहे त्याचीही शाश्वती नाही. तमिळनाडूतील अरियालूर भागातून १९८७ मध्ये वर्णन झालेला ‘ब्रुहत्कायोसॉरस’ जमिनीवरील सर्वांत मोठ्या प्राण्यांपैकी एक असावा, असा काही अभ्यासकांचा अंदाज आहे. तो तपासण्याचा मार्ग मात्र बंद झाला, कारण ती हाडे ओल खाऊन भुगा झाली. आज उरली आहेत ती रेखाटने आणि काही छायाचित्रे. चित्रपटातील टायटनोसॉरसहून विस्मयकारक ठरू शकणारे जनावर आपल्या हाती आले होते आणि पावसाळ्यात वाहून गेले. भूवारसा स्थळे आणि भूअवशेषांच्या संरक्षणासाठी खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा खुला केला. २०२५ मध्ये हा चित्रपट झळकला, तोवर त्याचा कायदा झालेला नव्हता.

चित्र सर्वस्वी काळे आहे असे नाही. गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रैयोली येथे, जेथे राजासॉरसची हाडे मिळाली तेथेच, २०१९ पासून संग्रहालय आहे. गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधम येथे जीवाश्म उद्यान आहे. मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात टायटनोसॉरस गटातील प्राण्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवल्याचे दिल्ली विद्यापीठाच्या आणि इतर अभ्यासकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. लोकांची हौसही उघड आहे : खोपोलीच्या इमॅजिका उद्यानात राजासॉरसच्या नावाची जलसफर आहे. महाराष्ट्रातील किती मुलांची राजासॉरसशी पहिली ओळख तेथे पाण्याचे शिंतोडे अंगावर घेत झाली असेल! त्यात गैर काही नाही. मात्र ती ओळख तेथेच थांबावी, ही खंत आहे.

चित्रपटाचे काम ओढ लावण्याचे असते. ते काम या सातव्या भागाने कुरणाच्या त्या काही मिनिटांत चोख केले आहे आणि उरलेल्या वेळात वाया घालवले आहे. परंतु ओढ लागलेल्या मुलाचे पुढे काय करायचे, हा भार हॉलिवूडवर टाकता येत नाही. तो शाळेचा, संग्रहालयाचा आणि शासनाचा आहे. जगाला कंटाळा आल्याचे चित्रपट सांगतो. येथे कंटाळा कोणालाच आलेला नाही, जिज्ञासेला जायला जागा मात्र उरत नाही. या मापाने तोलले तर चित्रपटापेक्षा आपणच अधिक उणे पडतो.

एक जागा तरीही शिल्लक आहे. दिल्लीहून दक्षिणेकडे जाणारा लोहमार्ग नागपूर, सेवाग्राम, हिंगणघाट करीत वरोऱ्यावरून चंद्रपूर-बल्लारशाहकडे उतरतो. सुट्टीत गावी निघालेली आर. के. पुरमची अनेक कुटुंबे याच मार्गाने जातात. वरोरा म्हटले की मराठी माणसाला बाबा आमट्यांचे आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे. त्याच तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव आहेत, हे खिडकीशी बसलेल्या मुलाला कोणी सांगितले, तर गाडी पुढे जाईपर्यंत ते बाहेर पाहत राहील. रुळांच्या दोन्ही बाजूंना कापसाची आणि सोयाबीनची शेते असतील, बांधावर गवत असेल. त्या गवताचे फार जुने पुरावे येथलेच, आणि ते डायनासोरच्या पोटातून आलेले.